उन्हाईच्या सावलीला नाक फुटले त्याची हकीकत

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत मी एका दगडी देवीचे, दोन सख्ख्या भावांचे आणि त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एका भिंतीचे वृत्त सांगण्याचे योजिले आहे. या वृत्तात मत्सर हा पुढे बसलेला असून भक्ती त्याच्या आड अंग चोरून उभी आहे, हे आरंभीच नमूद करतो. जे घडले त्यातले बरेचसे मी डोळ्यांनी पाहिले. जे पाहिले नाही ते माझ्या सख्ख्या बहिणीने मला सांगितले. जे तिनेही सांगितले नाही ते मी लिहिणार नाही. माझा धंदा तांबटाचा. शाळेत मी फार टिकलो नाही. परंतु घाई केली की पत्रा फाटतो एवढे मला ठाऊक आहे, आणि गोष्टीचेही तसेच असावे असा माझा समज आहे.

आमच्या जगात देव पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला एक उणीव आहे. देवाची नजर स्वतःच्या उंबरठ्याबाहेर जात नाही. उंबरठ्याच्या आत तो सर्वसमर्थ. परंतु बाहेर गल्लीत आग लागली काय आणि कोणाला जुळी झाली काय, त्याला पत्ता नसतो. म्हणून आमच्याकडे देवाची पूजा म्हणजे देवाला बातमी सांगणे. फुले वाहतात, दिवा लावतात, पण ते जेवणाआधी हात धुण्यासारखे. खरी सेवा दिवस मावळताना होते. तेव्हा देवाचा वार्तेकरी समोर बसतो आणि गावात त्या दिवशी काय काय झाले ते सांगतो. कोणाचे लग्न मोडले, कोणाच्या छपराची कौले उडाली, कोणाचा गुडघा सुजला. ज्याची बातमी पोहोचली त्याच्याकडे देव पाहतो. ज्याची पोहोचली नाही, तो देवाच्या लेखी जन्मलाच नाही.

आमचे गाव रंगाऱ्यांचे. लाल रंग उन्हात वाळला तरच चढतो आणि पिवळा सावलीत वाळला तरच टिकतो, म्हणून आम्हांला दोन देवी लागतात. उन्हाई ही थोरली बहीण आणि सावलाई ही धाकटी. दोघी एकाच पांढऱ्या दगडातून कोरलेल्या असून एका भिंतीला पाठ लावून बसल्या आहेत. उन्हाईचे दार हमरस्त्यावर, सावलाईचे मागच्या बोळात. दोघींनी एकमेकींना कधीही पाहिलेले नाही. भिंतीत त्यांच्या डोक्यामागे ताटाएवढा आरपार कोनाडा होता आणि त्यात एकच दिवा जळत असे. एक दिवस तेल इकडून, एक दिवस तिकडून. त्याचा उजेड दोघींच्या पाठीमागून पडे आणि डोक्याची गोल सावली आपापल्या उंबरठ्यावर उमटे. तो दिवा माझ्या आजोबांच्या हातचा होता.

त्या सावलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचे देव हलतात. मात्र घड्याळाचा लहान काटा हलतो तसे, बघताना कळत नाही. देवी समोर पाहत असली की सावली भाकरीसारखी वाटोळी असते. तिने मान वळवली की सावलीला एका बाजूने नाक फुटते. देवीने सेवकावर नाक मुरडले, असे गावात त्या दिवशी म्हटले जाते. ती पूर्ण भिंतीकडे वळली तर तिला पाठमोरी म्हणतात, आणि मग वार्तेकऱ्याने चाव्या पलीकडच्या वार्तेकऱ्याच्या हाती देऊन दारातून निघून जायचे असते. त्याला कोणी पुढे कामाला ठेवत नाही. ज्याच्याकडे देवाने पाठ फिरवली त्याच्या हातून रंग कसा चढेल, असे लोक म्हणतात.

आता माणसांकडे वळतो. दोन्ही देवींची वार्ता पूर्वी एकच गृहस्थ सांगत. आधी उन्हाईपुढे, मग वळसा घालून सावलाईपुढे. ते वारले तेव्हा थोरल्या मुलाकडे उन्हाई आली आणि धाकट्याकडे सावलाई. थोरले वार्तेकरी हे माझ्या बहिणीचे यजमान, म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो. धाकट्याला सारा गाव नकल्या म्हणतो आणि तोही त्या हाकेला ओ देतो.

दाजींची वाणी मोठी भारदस्त होती. ते म्हणत, "हे उन्हाई, सदर दिवशी पूर्वेकडील आळीत एका सुशील कुटुंबात कन्यारत्न अवतरले असून माता व बालिका सुखरूप आहेत." मला ती वाणी अत्यंत प्रिय आहे आणि या लेखनातही मी तिचाच आधार घेतला आहे. त्याच बाळंतपणाची वार्ता नकल्या सावलाईला सांगताना आधी सुईण होई, मग दाराबाहेर येरझाऱ्या घालणारा बाप होई आणि शेवटी मूल होऊन असा टाहो फोडी की बोळातली मांजरे उठून बसत. वार्ता कोणीही बसून ऐकावी असा रिवाज आहे. लोकांना आपली बातमी नकल्याच्या तोंडून ऐकावीशी वाटू लागली. हळूहळू हमरस्त्यावरच्या चपला बोळात सरकल्या.

एके दिवशी दाजी माझ्या दुकानात एक तांब्या घेऊन आले. तांब्याला काहीही झालेले नव्हते. ते बसले आणि रस्त्याकडे पाहू लागले.

"मेहुणे, तुमच्या दुकानातून बोळाचं तोंड दिसतं, नाही?"

"दिसतं की."

"सहज विचारलं." त्यांनी मान बोळाकडे लांबवली. "ती छत्रीवाली कोण वळली आत्ता?"

"आक्का." आक्का म्हणजे आमच्या रंगारणींची म्होरकी. तिचा शब्द कढईतल्या रंगासारखा, एकदा बसला की जात नाही.

"आक्का लाल रंगवाली. तिचं काम उन्हाईशी."

"छत्री आहे हातात," मी म्हणालो. "ऊन सोसवत नसेल म्हातारीला."

मी विनोद केला होता. दाजी हसले नाहीत. त्यांनी तांब्या उलटा करून त्याच्या बुडात पाहिले, जणू आक्का तेथे सापडणार होती, आणि म्हणाले, "तिकडं सांगतात तरी काय एवढं?"

"तुम्ही जाऊन ऐका की एकदा."

"मी?" ते म्हणाले. "मी तिथं बसू? पाठच्या भावाच्या चटईवर?" आणि तांब्या तसाच विसरून निघून गेले.

मत्सर हा तांब्यावरच्या हिरव्या कळंकासारखा असतो. प्रथम एक ठिपका दिसतो, आणि घरातले लोक म्हणतात की घासला की जाईल. दाजींच्या घरात तो घासूनही गेला नाही. बायकांना मात्र त्याचा वास आधी लागला होता. दोघी जावा सार्वजनिक नळावर भेटत. ताई, म्हणजे माझी बहीण, एकदा म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे हल्ली देवीला बोलायला सवड मिळते का, की तुम्हीच बोलता?"

नकल्याच्या बायकोने हंडा सरळ केला. "तुम्हीही या की, जाऊबाई. पुढं जागा धरून ठेवते."

"आमच्याकडे आहेत चटया."

"आहेत ना. कोऱ्या करकरीत. झिजायला माणसं लागतात."

ताईने ते घरी येऊन दाजींना सांगितले, आणि मला वाटते सांगायला नको होते.

काही दिवसांनी संध्याकाळी दाजी वार्ता सांगत होते. समोर दोन म्हाताऱ्या होत्या, पैकी एकीला ऐकू येत नसे. ताई उंबरठ्याजवळ फुले वेचत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"सदर दिवशी..."

"अहो, वार्ता थांबवा आणि इकडं बघा. सावलीला नाक फुटलंय."

दाजींनी पाहिले. भाकरीच्या कडेला चिमूट काढावी तेवढे नाक होते. जिला ऐकू येत नव्हते तिला दिसत चांगले होते, त्यामुळे रात्र पडण्याआधीच गावाला कळले.

दाजींनी याचा एकच अर्थ लावला. ज्याला जे दुखते तेच देवाला दुखते असे माणूस धरून चालतो. ते मला म्हणाले, "थोरलीचा अपमान झालाय, मेहुणे. धाकटीकडे माणसांची रीघ आणि हिच्यापुढं दोन म्हाताऱ्या. ती का सहन करील? मी असतो तर मीही तोंड फिरवलं असतं."

मग त्यांनी उन्हाईचा रुसवा काढण्याचा सपाटा लावला. दुप्पट फुले आली. तांबडी शाल जाऊन जरीची आली. वार्ता मोठ्या आवाजात होऊ लागली, इतकी की माझ्या ऐरणीपाशी बसून मला शब्द न शब्द ऐकू येई. वार्तेत ते उन्हाईची थोरवी सांगत आणि जाता जाता पलीकडची निंदा करीत. "हे उन्हाई, काही ठिकाणी देवीसमोर माकडचेष्टा होतात असे ऐकिवात आहे." नाव घेत नसत. नाव घेण्याची गरज नव्हती.

नाक वाढतच गेले.

एका दुपारी ते पुन्हा दुकानात आले. "ताटाएवढा पत्रा कापून द्या. जाडसर."

"कशाला, दाजी?"

"कोनाड्याला लावायचाय. वारा येतो."

"आजवर कधी वारा आला नाही."

"तिकडचा वारा," ते म्हणाले. "हसण्याचा. माझी वार्ता चालू असते आणि तिकडून हसणं येतं. तिला वाटतं, मला हसतात."

त्या क्षणी ते देवीविषयी बोलत होते की स्वतःविषयी, हे मला सांगता येणार नाही. मी पत्रा कापला आणि चार खिळ्यांनी कोनाड्याच्या आमच्या बाजूला ठोकून दिला. आजोबांचा दिवा भिंतीच्या पलीकडे राहिला. उन्हाईसाठी मी नवा दिवा केला आणि पत्र्याच्या खालच्या कडेला टांगला. त्याची काजळी थेट पत्र्यावर चढत असे. हे मला नंतर लक्षात आले.

दुसऱ्याच दिवशी नकल्या हमरस्त्यावरच्या दारात येऊन उभा राहिला. मी तेथेच दिव्याची साखळी नीट करीत होतो.

"दादा, कोनाडा बुजवलास?"

"दिवा तुलाच ठेवलाय. वर तक्रार?"

"दिव्याचं कोण म्हणतंय? बाबा असते तर..."

"बाबा असते तर तू नकला केल्या असत्यास?"

"बाबांचीच करतो मी. सावलाईला तीच जास्त आवडते. डोळे मिटून बसते."

दाजींचा चेहरा तापलेल्या तांब्यासारखा झाला. "बाहेर हो."

"बाहेरच उभा आहे, दादा," नकल्या म्हणाला. त्याच्या आवाजात त्या वेळी कोणाचीही नक्कल नव्हती. "आत ये म्हणालास कुठं?"

पत्रा लागल्यापासून उन्हाई झपाट्याने वळू लागली. आधी बोटाएवढे असलेले नाक, मग कपाळ, ओठ, हनुवटी असे सगळे उंबरठ्यावर उमटले. देवी चक्क एका अंगावर वळली होती. एक डोळा दाराकडे, एक कान भिंतीकडे. लाल कापडे ठिपके ठिपके होऊन निघू लागली. आक्का एकदा लुगड्याएवढे लांब कापड खांद्यावर टाकून आली आणि दाजींपुढे ते अंथरले.

"हे बघ. गोवर आलेल्या पोरासारखं दिसतंय."

"प्रयत्न चालू आहेत, आक्का."

"प्रयत्न मी पाहते आहे. जरीची शाल पाहिली, पत्रा पाहिला. बाबा रे, पुढच्या लालाचं कापड वाळत घालू तेव्हा मी इथं येऊन सावली बघणार. तिची मान समोर वळायला लागली असेल तर ठीक. नसेल तर पाठमोरी होण्याची वाट बघत बसायला माझ्या बायकांना सवड नाही. चाव्या त्या दिवशीच नकल्याकडे जातील."

"त्याच्याकडे?" दाजी म्हणाले.

"मग कोणाकडे? माझ्याकडे? मला बोलता येतं, पण मला ऐकवत नाही."

वाचकहो, दाजींना दाराबाहेर काढले जाण्याचे जेवढे भय होते, त्याहून अधिक भय चाव्या कोणाच्या हाती जातील याचे होते. उन्हाई एखाद्या परक्याकडे गेली असती तर ते रडले असते. भावाकडे जाणार म्हणून त्यांची झोप उडाली.

आणि याच दिवसांत त्यांच्या हातून एक विलक्षण गोष्ट होऊ लागली, जी त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. ते आपली वार्ता लवकर आटोपत. म्हाताऱ्या गेल्या की दार लोटून घेत, देवीच्या मागे भिंतीशी अंग चिकटवून उभे राहत आणि त्या पत्र्याला कान लावीत. जो आवाज येऊ नये म्हणून पत्रा ठोकला, तोच आवाज ऐकण्यासाठी.

मला हे कळले ते असे. ते दुकानात आले तेव्हा मी म्हणालो, "दाजी, कान काळा झालाय तुमचा."

"कुठला?"

"डावा. कोळशाच्या पोत्यावर झोपला होतात की काय?"

त्यांनी रुमाल काढून कान पुसला आणि ते काहीही न घेता गेले. दुसऱ्या दिवशी कान पुन्हा काळा होता. मी मग विनोद केला नाही.

आक्का येणार होती त्याच्या आदल्या दिवशी ताईने मला दुपारी जेवायला बोलावले. दाजी भिंतीला टेकून बसले होते. ताईने माझ्यापुढे ताट ठेवले, विचारले की हल्ली मी वेळेवर झोपतो की नाही, खोकला गेला का, भाड्याच्या खोलीतला दरवाजा घरमालकाने नीट करून दिला का. मी सगळ्याची उत्तरे दिली. मग ती दाजींकडे वळली.

"आज सकाळी देवीचं तोंड धुतलं. तिचा कान काळा होता."

दाजींचा हात रुमालाकडे गेला.

"काल पुसला होता. परवाही पुसला होता. रोज सकाळी काळा. मला वाटलं दिव्याची काजळी उडते. पण दुसरा कान पांढरा स्वच्छ. मग पत्रा पाहिला. पत्र्यावर दोन ठिकाणी काजळी पुसलेली आहे. एक कानाएवढी जागा खाली, ती देवीच्या उंचीला. एक वर." तिने त्यांच्या डाव्या कानाकडे पाहिले. "ती कोणाच्या उंचीला आहे ते मी मोजून पाहिलं नाही."

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, ती रुसून वळलेली नाही. ती ऐकायला वळली आहे. तुमच्यासारखीच."

मी घास तोंडात तसाच धरून बसलो. दाजी मग असे काही म्हणाले की त्यांच्याविषयी मला एकाच वेळी राग आणि दया आली. "म्हणजे तिलाही तोच आवडतो."

"तो शेवटी काय सांगतो?" ताईने विचारले. "तुम्ही रोज ऐकता. वार्ता संपताना तो काय सांगतो?"

"नीट ऐकू येत नाही. हसणं तेवढं येतं."

"शेवटी हसतात का?"

"नाही," दाजी म्हणाले. "शेवटी शांत असतात. शेवटी तो आपल्याकडचं सांगतो. पलीकडे थोरलीला आज जरीची शाल घातली. पलीकडे अमकी अमकी येऊन गेली. पलीकडे आज दादाला खोकला होता."

येथे एक जुना नियम सांगायचा राहिला होता, तो मी मुद्दाम या जागेसाठी राखला. त्यांच्या वडिलांनी दोघांनाही शिकवले होते की शेवटचा घास बहिणीचा. वार्तेच्या शेवटी, उठण्याआधी, देवीला तिच्या भिंतीपलीकडच्या बहिणीचे वर्तमान सांगायचे: तिने काय नेसले, तिच्याकडे कोण आले, ती कशी आहे. देवाची नजर उंबरठ्याबाहेर जात नाही. बहीण पाठीला पाठ लावून बसली असली तरी सांगितल्यावाचून कळत नाही.

"आणि तुम्ही शेवटी काय सांगता?" ताई म्हणाली.

उत्तर मला ठाऊक होते, कारण ते मी ऐरणीपाशी बसून रोज ऐकत होतो. पूर्वी ते पलीकडचे वर्तमान साग्रसंगीत सांगत. चपला बोळात सरकल्यापासून ते आटत आटत गेले, आणि कित्येक दिवस ते एवढेच म्हणत होते, "पलीकडे सर्व क्षेम." मग तेही बंद झाले होते.

"आत्ता हा जेवायला बसला," ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तर मी आधी काय विचारलं? झोपतोस का, खोकला गेला का. देवी झाली म्हणून काय, बहीणच ना ती? तिला तुमची गर्दी नको आहे. तिला तिची धाकटी कशी आहे ते हवंय. तुम्ही सांगेनात, म्हणून ती भिंतीला कान लावते आहे."

"म्हणजे त्याच्याकडे किती माणसं येतात ते मी माझ्या तोंडानं सांगू? तिला? रोज?"

"देवाला खोटं सांगता येत नाही."

"जीभ झडेल माझी."

"मग चाव्या द्या," ताई म्हणाली आणि मला अजून वाढू का म्हणून विचारले.

दुसऱ्या दिवशी मावळतीला आक्का आणि तिच्या रंगारणी उन्हाईपुढे येऊन बसल्या. कोऱ्या चटया त्या दिवशी पहिल्यांदा पुऱ्या पडल्या नाहीत. साऱ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. दाजींनी मला पक्कड घेऊन बोलावले होते. त्यांनी कोणाशी एक शब्दही न बोलता मला खूण केली. मी चारही खिळे उपटले आणि पत्रा काढला.

पलीकडे आजोबांचा दिवा जळत होता. त्याच्या उजेडात, कोनाड्याच्या चौकटीत, नकल्याचा अर्धा चेहरा दिसला. त्याने मान वर केली होती, छाती पुढे काढली होती आणि तो म्हणत होता, "सदर दिवशी..." त्याचे तोंड उघडेच राहिले. त्याच्यापुढच्या लोकांचे हसू अर्धवट तुटले. भाऊ भावाला त्याच्याच सोंगात भेटला, आणि दोघांपैकी कोणालाही पुढे काय करावे ते सुचले नाही.

दाजी खाली बसले. त्यांनी त्या दिवसाची वार्ता नेहमीच्या भारदस्त वाणीत सांगितली. एका कढईला चीर पडली होती, एका मुलाचा दात पडला होता, नळाचे पाणी दुपारी गेले होते. मग ते थांबले. आक्काने सावलीकडे पाहिले. नाक, ओठ, हनुवटी, सगळे होते तसेच होते.

"हे उन्हाई," दाजी म्हणाले, "पलीकडचे वर्तमान ऐक." आणि पुढे त्यांची पुस्तकी वाणी त्यांना सोडून गेली. मी ते जसे ऐकले तसेच लिहितो.

"तुझ्या बहिणीनं आज पिवळं नेसलंय. मला इथनं थोडंसं दिसतंय. बरं दिसतं तिला. तिच्यापुढं माणसं आहेत. पुष्कळ आहेत, बोळ भरलाय. आपल्याकडं एवढी कधी नसतात. आज आहेत, पण ती मला काढायला आलीत." आक्काने नाक ओढले. "माझा भाऊ त्यांना हसवतो. मला ते बघवत नाही. मी तुझ्यापासून लपवलं ते त्यामुळं. तिला काय झालं म्हणून नाही. ती छान आहे. तिचा दिवा तोच आहे, आपला होता तो. माझा भाऊ बाबांची नक्कल करतो तेव्हा ती डोळे मिटून बसते म्हणे. माझीही करतो. मी आत्ता पाहिली. 'सदर' म्हणताना मी मान वर करतो असं तो दाखवतो. मी करतो की नाही, मला माहीत नाही."

"करतोस, दादा," कोनाड्यातून आवाज आला.

तिकडची माणसे हसली, मग इकडच्या रंगारणी हसल्या, आणि कोनाड्यातून दोन्ही हसणी एकमेकांत मिसळली. दाजी हसले नाहीत. ते रुमालाने आपला डावा कान पुसत होते, जरी त्या दिवशी तो काळा नव्हता.

आक्का उठून उंबरठ्यापाशी गेली आणि वाकून बघत राहिली. दिवसाचा उजेड पार गेला तरी ती हलली नाही. अखेर कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "हनुवटी गेली," ती म्हणाली. "चाव्या राहू देत."

यानंतर सर्व आलबेल झाले असे मी लिहिले, तर ते देवापुढे खोटे बोलण्यासारखे होईल. लाल रंग पुन्हा चढू लागला. उन्हाई समोर वळली, परंतु पुरती नाही. सावलीला एका बाजूने वाटाण्याएवढे नाक अजून आहे, आणि ते आता जाणार नाही असे सारे मानतात. ती एक कान पलीकडे ठेवूनच बसते. आक्का अजूनही छत्री घेऊन बोळात वळते. दाजी रोज शेवटी पलीकडचे वर्तमान सांगतात, सगळे, काही न गाळता, आणि ते सांगताना त्यांचा आवाज दात ठणकणाऱ्या माणसासारखा येतो. हमरस्त्यावर आता थोडी माणसे वाढली आहेत. ती दाजींची वार्ता ऐकायला येतात की कोनाड्यातून येणारी नकल्याची, हे मी दाजींना सांगितलेले नाही, आणि त्यांनी विचारलेलेही नाही.

परवा ते दुकानात आले. हातात तोच जुना तांब्या, जो मी मधे त्यांच्या घरी पोहोचवला होता.

"मेहुणे, तुमच्या आजोबांचा तो दिवा. तो सरळ बसतो का?"

"बसतो की. का?"

"मला वाटतं, तो जरा कलता आहे. त्याच्या बाजूला जास्त उजेड पडतो. सवडीनं बघा एकदा." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "नाहीतर राहू दे. उद्या तेल त्याच्याकडून आहे."

वाचकांनी आपला अमूल्य वेळ खर्चून एका अल्पशिक्षित कारागिराचे हे लेखन शेवटपर्यंत वाचले, याबद्दल मी हात जोडून ऋण व्यक्त करतो. जेथे शब्द वाकडा पडला असेल तेथे तो पत्र्यासारखा ठोकून सरळ करून घ्यावा.

आपला नम्र,
ठोकेदादा तांबट,
उन्हाईच्या दारासमोर